मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन घरी घेताय? आधी वार ठरवा, मग सुई हातात घ्या

परवा ओळखीतल्या एका काकूंचा फोन आला, आवाज रडवेला. डॉक्टरांनी सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन सुरू केलंय आणि घरी येऊन पाकिटातला कागद वाचला तर त्यावर ल्युकेमिया, लिम्फोमा असलं सगळं लिहिलेलं. "मला कॅन्सर आहे आणि माझ्यापासून लपवतायत का गं?" हा पहिला प्रश्न. ते पाकीट दोन दिवस कपाटात तसंच पडून होतं.

म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (प्रतिकारशक्ती बिथरून होणारा संधिवात) आहे, आधी दोन वर्षं याच औषधाच्या गोळ्या घेतल्या आणि आता पाच वर्षं दर आठवड्याला इंजेक्शन घेतेय, स्वतःच्या हाताने. मी डॉक्टर नाही. तुमचा डोस किती, सुरू करायचं की थांबवायचं हे तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडल्यावर जे प्रश्न पडतात आणि जे विचारायचं राहून जातं ते इथे सांगते.

आधी त्या भीतीबद्दल. हो, औषध कॅन्सरचंच आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर काम करताना या घराण्यातली औषधं वापरात आली, आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) रुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी याला मान्यता दिली ती १९८८ मध्ये. हे औषध फॉलिक ॲसिडसारखं (पेशींना वाढायला लागणारं एक बी व्हिटॅमिन) दिसून पेशींना फसवतं, त्यामुळे भराभर वाढणाऱ्या पेशींची वाढ अडते. कॅन्सरच्या काही उपचारांत ते ग्रॅमच्या हिशोबात, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करून, वर उतारा देऊन देतात. संधिवात, सोरायसिस, क्रोन्स (आतड्याचा आजार) वगैरेंसाठी डोस असतो साधारण ७.५ ते २५ एमजी, आणि तोही आठवड्यातून एकदा. एवढ्या डोसमध्ये ते बिथरलेल्या प्रतिकारशक्तीला शांत करायचं काम करतं. नाव एकच पण वापर अगदी वेगळा. कॅन्सरसाठी घेणाऱ्यांचं वेळापत्रक, डोस, सोबतच्या गोळ्या सगळं निराळं असतं, त्यांनी खालचं स्वच्छतेचं आणि सुईचं जरूर वाचावं पण डोसचं काहीही इथून उचलू नये.

१. आधी वार ठरवा

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून पहिलं. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज नाही, एक दिवसाआड नाही, दुखणं वाढलं म्हणून मधेच एक जास्तीचं तर अजिबात नाही. जगभरात या औषधाने जे जीव गेलेत त्यातले कितीतरी निव्वळ आठवड्याचा डोस चुकून रोज घेतल्यामुळे गेलेत, कारण आपल्याला सवयच असते की औषध म्हणजे रोज.

वार निवडताना पुढचा दिवस बघा. बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं होतं, डोकं जड, थोडी मळमळ. मी शुक्रवारी रात्री झोपायच्या आधी घेते, म्हणजे जे काय व्हायचं ते झोपेत आणि शनिवारी होऊन जातं. तुमची सुट्टी ज्या दिवशी असेल त्याप्रमाणे ठरवा. मग तो वार चिठ्ठीवर डॉक्टरांकडूनच पूर्ण अक्षरात लिहून घ्या, "दर शुक्रवारी" असा. घरातल्या आणखी एका माणसाला तो वार माहीत पाहिजे. आणि इंजेक्शन घेतलं की लगेच कॅलेंडरवर फुली मारा, नंतर मारू म्हणालात की झालं, रविवारी तुम्ही आठवत बसणार घेतलं होतं का नव्हतं.

२. चिठ्ठी आणि पाकीट शेजारी ठेवून आकडे वाचा

इथे मी स्वतः धडपडलेय म्हणून जरा सविस्तर सांगते.

इंजेक्शन तीन रूपांत मिळतं: भरलेली सिरिंज, पेन (दाबलं की आतली सुई टोचून औषध सोडणारं), किंवा काचेची छोटी बाटली म्हणजे व्हायल. पहिल्या दोघांत डोस आधीच मोजून भरलेला असतो, फक्त पाकिटावरचा एमजीचा आकडा चिठ्ठीवरच्या आकड्याशी जुळतोय का तेवढं दर वेळी बघायचं. दर वेळी म्हणजे खरंच दर वेळी, कारण डोस बदलल्यावर जुनी पेनं घरात शिल्लक असतात.

खरी गडबड व्हायलमध्ये. माझा डोस १५ एमजी. व्हायलवर लिहिलेलं ५० एमजी, २ एमएल. म्हणजे एका एमएलमध्ये २५ एमजी, म्हणजे मला हवंय ०.६ एमएल. मला बारीक सुईची इन्सुलिनची सिरिंज दिली होती. पहिल्यांदा एकटीने घ्यायला बसले, सिरिंजवर बघितलं तर आकडे १०, २०, ३०... डोक्यात १५ पक्का बसलेला, म्हणून मी दहा आणि वीसच्या मधोमध पंधरावर औषध ओढलं आणि सुई टोचणार तेवढ्यात वाटलं, एवढुसंच? नर्सने तर निम्म्याच्या वर सिरिंज भरली होती. थांबले, कागद काढला. त्या सिरिंजवरचे आकडे एमजी नसतात, इन्सुलिनची युनिट असतात. १०० युनिट म्हणजे १ एमएल, म्हणजे माझं ०.६ एमएल हे ६० च्या रेषेवर. मी ओढलेलं होतं जेमतेम पावणेचार एमजी.

माझी चूक कमी डोसची होती म्हणून काही बिघडलं नसतं. पण उलटं बघा: कोणाला वाटलं की अख्खी व्हायल म्हणजे एक डोस, तर १५ च्या जागी ५० एमजी गेलं. किंवा पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं औषध आलं ज्यात एका एमएलमध्ये ५० एमजी आहे, आणि तुम्ही सवयीने ०.६ ओढलं, तर सरळ दुप्पट. त्यात इन्सुलिनच्या सिरिंजमध्येही ४० वाली आणि १०० वाली असे दोन प्रकार असतात, ४० वाल्यावर तेच ०.६ एमएल २४ च्या रेषेवर येतं. म्हणून माझं सरळ म्हणणं, शक्य असेल तर भरलेली सिरिंज किंवा पेनच मागा. व्हायलच असेल तर नर्सकडून किंवा फार्मासिस्टकडून तुमच्या त्याच सिरिंजवर मार्करने रेष मारून घ्या, आणि एका कागदावर "इतके एमजी = इतके एमएल = या सिरिंजची ही रेष" असं लिहून पाकिटात ठेवा. व्हायल बदलली, सिरिंज बदलली, की हिशोब पुन्हा करून घ्यायचा. आणि उरलेलं औषध पुढच्या आठवड्याला चालतं का हे त्या विशिष्ट व्हायलबद्दल विचारा, एकदाच वापरायची असेल तर उरलेलं टाकायचंच, जीव कितीही हळहळला तरी.

गोळ्यांवरून इंजेक्शनवर येत असाल तर उरलेल्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घरातून काढून फार्मसीत परत देऊन टाका. दोन्ही घेणारे लोक निघतात, खोटं वाटेल पण निघतात.

३. सुरू करायच्या आधीचे रिपोर्ट आणि कागद

पहिल्या डोसच्या आधी हे झालेलं असलं पाहिजे, झालं नसेल तर विचारा: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी, लिव्हरची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीसाठी), हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्सरे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांची प्रेग्नन्सी टेस्ट. नंतर सुरुवातीच्या काळात दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, सगळं स्थिर झालं की दोन-तीन महिन्यांनी एकदा. कंटाळा येतो, मला पण येतो. पण हे औषध लिव्हरला किंवा बोनमॅरोला (हाडातला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात) त्रास देत असेल तर बऱ्याचदा आपल्याला काहीच जाणवत नाही, रिपोर्टमध्ये आधी दिसतं.

एक वही किंवा फोल्डर करा. त्यात डॉक्टरांची चालू चिठ्ठी, सगळे रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे, डोस घेतल्याची नोंद आणि कुठल्या जागी टोचलं ते, चालू असलेल्या बाकीच्या औषधांची यादी. आणि पाकिटात किंवा पर्समध्ये एक छोटं कार्ड: "मी मेथोट्रेक्सेट घेते, आठवड्यातून एकदा, अमुक वारी, इतके एमजी." या कार्डाने माझं एकदा काम केलंय. दुसऱ्याच कारणासाठी ॲडमिट होते तेव्हा माझ्या औषधांच्या तक्त्यावर हे रोजचं म्हणून चढवलं होतं. लिहिणाऱ्याने मुद्दाम केलं नव्हतं, रोजच्या औषधांच्या रांगेत तेही बसलं इतकंच. कार्ड दाखवलं, खोडलं गेलं.

४. सामान काय लागतं

- इंजेक्शन, खोलीच्या तापमानाला ठेवलेलं. फ्रिजमध्ये नाही! उजेड लागू नये म्हणून त्याच्या खोक्यातच ठेवायचं, मुलांच्या हाताला येणार नाही अशा जागी
- अल्कोहोल स्वॅब, कापूस, छोटी पट्टी
- पाणी शोषणारा जाड कागद किंवा टिश्यू घातलेला एक ट्रे
- हातमोजे, खास करून दुसरं कोणी टोचणार असेल तर
- सुया टाकायचा कडक, न भोसकला जाणारा, झाकणाचा डबा

५. प्रत्यक्ष टोचताना

पहिलं किंवा पहिली दोन-तीन नर्ससमोरच घ्या, आणि नुसतं बघू नका, तिच्यासमोर स्वतः करून दाखवा. बघताना सगळं सोपं वाटतं.

जेवणाच्या टेबलावर किंवा ओट्यावर हे काम करायचं नाही. हात साबणाने धुवा, औषध बघा: रंग पिवळा असतो, तो तसाच असायला हवा, पण गढूळ नको, कण नको. एक्सपायरी बघा. जागा म्हणजे पोट, बेंबीपासून दोन इंच लांब, किंवा मांडीचा वरचा पुढचा भाग. दर आठवड्याला जागा बदला. काळंनिळं झालेलं, व्रण, सोरायसिसचा चट्टा, तिथे टोचू नका.

स्वॅबने पुसल्यावर वाळू द्या, ओलं असताना टोचलं की जी आग होते ती औषधाची नसते, अल्कोहोलची असते. मला हे कळायला दोन महिने लागले. भरलेल्या सिरिंजमध्ये छोटा बुडबुडा दिसला तर तो काढायच्या भानगडीत पडू नका, त्वचेखालच्या इंजेक्शनला त्याने काही होत नाही आणि काढायला गेलात तर थेंब उडतो. त्वचेची चिमूट धरा, नर्सने दाखवला त्याच कोनात एका झटक्यात सुई आत, मग हळूहळू दट्ट्या शेवटपर्यंत. पेन असेल तर ते सरळ उभं धरून दाबायचं, टक् असा आवाज आला म्हणून लगेच उचलायचं नाही, खिडकीत पूर्ण गेल्याची खूण दिसेपर्यंत थांबायचं. पेनापेनात फरक असतो, तुमच्या पेनाचा कागद वाचा. नंतर कापूस नुसता ठेवा, चोळू नका.

आमच्यासारख्या सांधेवाल्यांची एक वेगळीच अडचण, सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की टोपणसुद्धा निघत नाही आणि जोर लावून ओढलं की सुईच वाकडी. रात्री घ्यायचं हे माझं दुसरं कारण. टोपण फिरवू नका, सरळ ओढा, आणि काढल्यावर परत लावू नका, कारण बऱ्याच सुया बोटात जातात त्या टोपण परत लावताना.

६. सुई, सांडलेलं औषध आणि घरातली माणसं

वापरलेली सुई थेट डब्यात. डबा पाऊण भरला की बंद, वर स्पष्ट लिहायचं, आणि जिथून औषध मिळतं तिथे किंवा दवाखान्यात तो परत घेतात का ते आधीच विचारून ठेवा. घरच्या कचऱ्यात सुट्टी सुई टाकू नका, कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातात जाते ती.

त्वचेवर थेंब पडला तर साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, घाबरायचं कारण नाही. डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धरा आणि डॉक्टरांना फोन करा. फरशीवर सांडलं तर हातमोजे घालून टिश्यूने कडेकडून मध्याकडे टिपा, मग साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा पुसा, आणि ते टिश्यू, मोजे सगळं पिशवीत गच्च बांधून सुयांच्या डब्यासोबतच द्या. घरात कोणी गरोदर असेल किंवा दिवस राहण्याच्या प्रयत्नात असेल तर तिने या औषधाला, सांडलेल्या जागेला हात लावायचा नाही. टोचून द्यायचं काम दुसऱ्या कोणीतरी करावं.

७. फॉलिक ॲसिड विसरू नका, आणि गोंधळू नका

मेथोट्रेक्सेट फॉलिक ॲसिडचं काम अडवतं, म्हणून तोंड येणं, मळमळ, लिव्हरचा त्रास कमी व्हावा यासाठी फॉलिक ॲसिडची गोळी देतात. कोणाला आठवड्यातून एकदा, कोणाला रोज, बरेच डॉक्टर इंजेक्शनच्या दिवशी नको म्हणतात. तुमच्या चिठ्ठीत काय आहे तेच. फॉलिनिक ॲसिड ही वेगळी चीज आहे, नावात एका अक्षराचा फरक पण ते जास्त डोस झाला तर द्यायचा उतारा आहे, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. कॅन्सरसाठी उपचार चालू असणाऱ्यांनी फॉलिक ॲसिड स्वतःच्या मनाने घेऊ नये, त्याने मुख्य औषधाचाच जोर कमी होऊ शकतो.

८. दुसरं कुठलंही औषध घेण्याआधी तोंड उघडा

सगळ्यात घातक जोडी लक्षात ठेवा: मेथोट्रेक्सेटसोबत ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक, किंवा ते ज्यात असतं ते को-ट्रायमॉक्साझोल. लघवीच्या इन्फेक्शनला हे सर्रास लिहितात. मलाही एका दवाखान्यात लिहून दिलं होतं, मी उठता उठता सहज म्हटलं की मेथोट्रेक्सेट चालू आहे, तर डॉक्टरांनी चिठ्ठी परत घेतली आणि दुसरं दिलं. दोन्ही औषधं फॉलिक ॲसिडच्याच वाटेत आडवी येतात आणि रक्तपेशी धाडकन खाली येऊ शकतात. मी ते उठता उठता म्हटलं नसतं तर? म्हणून आता आत शिरतानाच सांगते.

पेनकिलर आमच्यात बहुतेक सगळेच घेतात आणि रिपोर्ट बघत बघत ते चालतंही, पण मनाने सुरू करू नका, वाढवू नका, किडनीवर येतं. दारूचं विचारायचंय पण लाज वाटते, असे बरेच असतात. लिव्हरवर दोघांचा भार एकदम नको एवढं साधं गणित आहे, डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा. लसींमध्ये जिवंत विषाणूंच्या लसी टाळतात, फ्लू आणि न्यूमोनियाच्या नेहमीच्या लसी उलट घ्यायलाच सांगतात, पण कधी घ्यायची ते विचारून.

९. या आठवड्याचं इंजेक्शन थांबवून आधी फोन करायचा तो कधी

हे औषध शरीराबाहेर जातं ते मुख्यतः किडनीतून. म्हणून जुलाब, उलट्या, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तोच नेहमीचा डोससुद्धा जास्त ठरू शकतो. मला एका शुक्रवारी सकाळपासून जुलाब होते, रात्री तरीही ट्रे मांडून बसले होते कारण "चुकवायचं नाही" हे डोक्यात. नवऱ्याने फोन करायला लावला. डॉक्टर म्हणाले या आठवड्याचं राहू दे. एक डोस राहिल्याने आजार काही उसळून येत नाही. ताप, अँटिबायोटिक लागेल असं इन्फेक्शन, कांजिण्या किंवा नागीण झालेल्याशी जवळून संपर्क, यातलं काहीही असलं तरी आधी फोन.

आणि हे दिसलं तर फोनसुद्धा नको, सरळ हॉस्पिटलमध्ये जा: कोरडा खोकला आणि दम लागणं (सर्दी नसताना), तोंडात गिळता येणार नाही असे फोड, कारण नसताना काळेनिळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त, घसा धरून जोराचा ताप, डोळे पिवळे किंवा लघवी गडद, काळी शी. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य औषधाचं नाव.

१०. मूल हवं असेल तर

गरोदरपणात हे औषध चालत नाही, बाळाला व्यंग येऊ शकतं, गर्भपात होऊ शकतो. अंगावर पाजतानाही नाही. चालू असेपर्यंत पक्कं गर्भनिरोधन, आणि बंद केल्यावरही माहितीपत्रकांत साधारणपणे स्त्रियांना सहा महिने आणि पुरुषांना तीन महिने थांबायला सांगितलेलं असतं. प्लॅन असेल तर आधी सांगा म्हणजे डॉक्टर दुसऱ्या औषधावर आणतात. चुकून दिवस राहिले तर पुढचं इंजेक्शन घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

११. डोस चुकला, किंवा जास्त गेला

राहून गेला आणि दोन दिवसांच्या आत आठवलं तर सहसा तेव्हा घेऊन पुढचा नेहमीच्या वारी घ्यायला सांगतात, त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडायचा. तुमच्या डॉक्टरांचा नियम काय ते पहिल्याच भेटीत विचारून वहीत लिहा. पुढच्या वेळी दोन एकदम, हे कधीही नाही.

जास्त गेला, किंवा आठवड्यात दोनदा गेला, तर बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका. लक्षणं काही दिवसांनी उमटतात पण उतारा जितका लवकर मिळेल तितका कामाचा. व्हायल किंवा पेनाचं खोकं हातात घेऊन ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

काकूंचा शेवटचा प्रश्न होता, गुण कधी येणार. सहा ते बारा आठवडे धरा, तोपर्यंत चार इंजेक्शनं झाली, काहीच फरक नाही, म्हणून बंद करू नका. मला नवव्या आठवड्यात कळलं, एका सकाळी नळ बंद करताना. रोज तळहाताने ढकलून बंद करायचे, त्या दिवशी बोटांनी फिरवला आणि पुढे दोन पावलं गेल्यावर लक्षात आलं. काकूंनी काल पहिलं घेतलंय, नर्ससमोर. त्यांचा वार बुधवार ठरलाय.